हेर, पुरावा आणि पडदा : बहिर्जी नाईकाच्या चित्रपटीय चरित्राची चिकित्सा

इ. स. १६७९ च्या नोव्हेंबर महिन्यात शिवाजी महाराजांच्या घोडदळाने जालना ही मोगली मुलखातील संपन्न पेठ लुटली. दिलेरखान त्या वेळी विजापुरावर चालून गेला होता. युवराज संभाजीराजे त्याच्या छावणीत होते. मोगली मुलखात खोलवर धडक मारून विजापुरावरील दाब कमी करावा, हा या स्वारीचा एक हेतू होता. लुटीच्या ओझ्याने जड झालेली फौज परत फिरली, तेव्हा रणमस्तखानाने तिला वाटेत गाठले. निकराची लढाई झाली व तीत सिधोजी निंबाळकर कामास आले. औरंगाबादेकडून केसरीसिंग व सरदारखान ताज्या दमाची फौज घेऊन येत होते. आणखी एक दिवस गेला असता तर वेढा पुरा झाला असता. या प्रसंगी जासुदांचा नाईक बहिर्जी पुढे आला, शत्रूची गाठ पडणार नाही अशा वाटेने फौज सुखरूप नेण्याची हमी त्याने घेतली, आणि अहोरात्र कूच करून महाराज पट्टागडास पोचले, असे कृष्णाजी अनंत सभासद लिहितो. तेथे विसावा मिळाला म्हणून त्या गडाचे नाव विश्रामगड पडले. जालना ते पट्टा हे अंतर सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर आहे.

मराठ्यांच्या हेरखात्याविषयी आज उपलब्ध असलेल्या मजकुरात हा उतारा सर्वांत मोलाचा मानावा लागेल. ज्या व्यक्तीवर चित्रपट निघाले, कादंबऱ्या लिहिल्या गेल्या, व्याख्याने झाली आणि जिच्याविषयी शाळकरी मुलगाही दहा गोष्टी सांगू शकतो, त्या व्यक्तीचे एक निश्चित कृत्य येथे दिसते. हे कृत्य वेषांतराचे नाही. ते वाट ठाऊक असण्याचे आहे. हा भेद वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु मराठी चित्रपटाने हेराचे जे रूप घडविले आणि समीक्षेने ते ज्या कसोट्यांवर तपासले किंवा तपासले नाही, त्या सर्वांचे मूळ या भेदात आहे.

प्रथम पुराव्याचा विचार करू. सभासदाने आपली बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिली. जालन्याच्या स्वारीला तेव्हा सुमारे अठरा वर्षे झाली होती. तीत बहिर्जीचे उल्लेख मोजके आहेत. लष्कराच्या व्यवस्थेचे वर्णन करताना बहिर्जी जाधव नावाच्या शहाण्या माणसास जासुदांचा नाईक केले, असे सभासद सांगतो. सुरतेच्या संपत्तीची बातमी बहिर्जीने आणली, असे तो दुसऱ्या ठिकाणी म्हणतो. तिसरा उल्लेख जालन्याच्या परतीचा. यांतील पहिल्या उल्लेखावरून एक गोष्ट ध्यानात येते. ‘नाईक’ हा हुद्दा होता; लोकांनी तो आडनावासारखा वापरला आणि जाधव हे आडनाव मागे पडले. ज्याचे आडनावही लोकस्मृतीत हुद्द्याखाली झाकले गेले, त्याच्या बालपणाच्या, विवाहाच्या आणि पहिल्या राजभेटीच्या कथा मात्र तपशीलवार सांगितल्या जातात, हा विरोध विचार करण्याजोगा आहे.

सांगली जिल्ह्यातील बाणूरगड म्हणजेच भूपाळगड येथे बहिर्जीची समाधी दाखवितात. तो भूपाळगडच्या लढाईत पडला, अशी एक कथा तिच्याशी जोडलेली आहे. ही लढाई दिलेरखानाची मानली तर तिचा काळ ठरलेला आहे. खानाने हा गड १६७९ च्या एप्रिलमध्ये घेतला. मग त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात जालन्याहून पट्ट्याची वाट दाखविणारा बहिर्जी कोण? येथे दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. दंतकथेने वीराला वीरमरण दिले. ते देताना त्याच्या सर्वांत मोठ्या कामगिरीवर मात्र पाणी सोडले. समाधी खोटी ठरते असा याचा अर्थ नव्हे. समाधीला चिकटलेली मरणकथा सभासदाशी जुळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

बखरीचा पुरावा कितपत मानावा, हा प्रश्न खानदेशातील अभ्यासकाला तरी नव्याने शिकवावा लागू नये. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध करताना वि. का. राजवाडे यांनी बखरींतील कालविपर्यास व स्थलविपर्यास निर्दयपणे दाखवून दिले, आणि अस्सल पत्रांपुढे बखर फिकी पडते, हा दंडक घालून दिला. राजवाड्यांचा देह ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात पडला. त्यांनी जमविलेल्या दप्तरांभोवती त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच गावी उभे राहिले. त्यांचा दंडक बहिर्जीला लावला तर मात्र एक अडचण उभी राहते. पत्रांनी बखर तपासावी हे खरे. परंतु हेराची पत्रे असावीत कशी? जो जासूद आपल्या हालचालीचा कागद मागे ठेवतो, तो आपल्या धन्याचा घात करतो. बहिर्जीविषयी कागद न सापडणे, हे त्याच्या खात्याच्या यशाचे लक्षणही असू शकते. अर्थात या युक्तिवादाला मर्यादा आहे. कागद नाही म्हणून यश मोठे, असे म्हणू लागल्यास वाटेल त्या कल्पनेला इतिहासात दार उघडे होईल. पुरावा नसणे हा कशाचाही पुरावा नव्हे. तो केवळ एक रिकामी जागा दाखवितो, आणि त्या जागेत कोण काय भरतो, हे पाहणे इतिहासकाराचे काम ठरते.

ती जागा भरण्याचे काम पडद्याने फार पूर्वीच हाती घेतले. ‘बहिर्जी नाईक’ या नावाचा मराठी बोलपट १९४३ साली निघाला होता. अलीकडच्या काळात दिग्पाल लांजेकर यांच्या शिवकालीन चित्रपटमालेने या व्यक्तिरेखेला पुन्हा ठळक स्थान दिले. १ जून २०१८ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘फर्जंद’मध्ये प्रसाद ओक यांनी, आणि १५ नोव्हेंबर २०१९ च्या ‘फत्तेशिकस्त’मध्ये हरीश दुधाडे यांनी बहिर्जीची भूमिका केली. पहिल्याचा विषय १६७३ साली कोंडाजी फर्जंदाने साठ माणसांनिशी घेतलेला पन्हाळा. दुसऱ्याचा विषय ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीचा लाल महालावरील छापा. दोन्ही चित्रपट रचनेच्या दृष्टीने हेरपटच आहेत. शत्रूच्या गोटात शिरकाव, बातमी, आराखडा, निवडक माणसे, रात्र आणि सुटका अशी त्यांची चाल आहे.

‘फत्तेशिकस्त’ची जाहिरात देशातील पहिला ‘सर्जिकल स्ट्राइक’ अशी झाली होती. २०१६ च्या सीमापार लष्करी कारवाईनंतर हा शब्द घरोघर पोचला होता, आणि ‘उरी’ हा हिंदी चित्रपट त्याच वर्षी जानेवारीत येऊन गेला होता. म्हणजे प्रेक्षक चित्रपटगृहात शिरण्यापूर्वीच त्याच्या हाती एक चौकट दिली गेली होती. या चौकटीत लाल महालाचा छापा नीट बसतो. पण बसताना त्याचे वजन एका बाजूला कलते. छाप्याचे श्रेय आखणीला आणि आखणीचे श्रेय हेराला, अशी उतरंड लागते. सभासद मात्र या प्रसंगी महाराजांसोबतची म्हणून नावे घेतो ती बाबाजी बापूजी व चिमणाजी बापूजी यांची. ज्या प्रसंगात बहिर्जीचे स्थान कल्पनेने भरावे लागते, तो प्रसंग पडद्याला अधिक प्रिय. आणि ज्यात ते बखरकाराने स्वतः सांगितले आहे, तो जालन्याचा प्रसंग मागेच राहिला, असे येथे घडले आहे.

असे का घडावे? याचे उत्तर दिग्दर्शकाच्या इतिहासज्ञानात शोधणे अन्यायाचे होईल. ते माध्यमाच्या स्वभावात आहे. वेषांतर दिसते. फकीर, गोंधळी, वासुदेव, भिकारी अशी रूपे पालटताना नट प्रेक्षकांसमोर एक खेळ करतो आणि प्रेक्षक त्या खेळाचा भागीदार होतो. शत्रूला जे माहीत नाही, ते आपल्याला माहीत असल्याचा आनंद त्यात असतो. याउलट वाटेचे ज्ञान दिसत नाही. कोणत्या घाटात लुटीने लादलेली जनावरे चढतील, कोणत्या गावच्या विहिरीला मार्गशीर्षात पाणी असेल, कोणता पाटील तोंड उघडणार नाही, हे ज्ञान वर्षानुवर्षांच्या पायपिटीने साठते आणि एका रात्री उपयोगी पडते. ते पडद्यावर आणावयाचे तर पायपीटच दाखवावी लागेल. आणि पायपिटीला तिकीट काढून कोण येणार, असा निर्मात्याचा हिशेब असतो. हा हिशेब चुकीचा ठरविणारे एक उदाहरण मात्र जगाच्या चित्रपटेतिहासात आहे, आणि त्याच्या समीक्षेचा प्रवास येथे तपासून पाहणे उपयुक्त होईल.

आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ हा चित्रपट १९५९ साली आला. पटकथा अर्नेस्ट लेमन यांची. प्रमुख भूमिका कॅरी ग्रँट, इव्हा मेरी सेंट व जेम्स मेसन यांच्या. जाहिरातीच्या व्यवसायातील रॉजर थॉर्नहिल या साध्या नागरिकाला परकीय हेर ‘जॉर्ज कॅप्लन’ नावाचा सरकारी हेर समजतात आणि त्याचा पाठलाग सुरू करतात. गंमत अशी की कॅप्लन अस्तित्वातच नाही. सरकारी खात्याने शत्रूची दिशाभूल करण्यासाठी तो कागदावर घडविलेला आहे. त्याच्या नावाने हॉटेलांत खोल्या घेतल्या जातात, कपडे ठेवले जातात, मुक्कामाची गावे बदलली जातात. माणूस तेवढा नाही. अशा बनावट हेराची कल्पना ओटिस गर्न्सी या पत्रकाराने हिचकॉकना सुचविली होती.

बहिर्जीशी या कॅप्लनची तुलना केली की दोघे आरशातील प्रतिबिंबासारखे उलटे दिसू लागतात. कॅप्लनच्या खुणा आहेत, माणूस नाही. बहिर्जी हा माणूस होता, त्याच्या खुणा नाहीत. पहिल्याच्या बाबतीत शत्रूने खुणांवरून माणूस रचला आणि तो फसला. दुसऱ्याच्या बाबतीत पिढ्यांनी माणसाच्या नावावरून खुणा रचल्या. ऐतिहासिक पद्धतीचे शिक्षण देताना या चित्रपटाचा असाही उपयोग करता येईल. हॉटेलच्या खोलीतील कपडे हा समकालीन, अस्सल, प्रत्यक्ष पुरावा असूनही तो खोटा असतो, हे त्यात फार खुबीने दाखविले आहे. अस्सल कागद म्हणजे खरा कागद, असे समजणाऱ्यांनी तरी तो जरूर पाहावा.

या चित्रपटाचे प्रथम स्वागत करमणूक म्हणून झाले. न्यू यॉर्क टाइम्समध्ये ए. एच. वायलर यांनी त्याची तारीफ केली, ती एक रम्य, उत्कंठापूर्ण, हसतखेळत चालणारा पाठलाग या नात्याने. असंभाव्यतेचा आक्षेप हिचकॉकच्या चित्रपटांवर नेहमीचा होता. ओसाड शेतात विमानाने माणसाचा पाठलाग का करावा, साध्या गोळीने काम झाले नसते काय, असे प्रश्न विचारणे सोपे होते. अशा समीक्षकांना हिचकॉक ‘संभाव्यवादी’ म्हणून चिडवीत. फ्रान्समध्ये मात्र एरिक रोमेर व क्लोद शाब्रोल यांनी १९५७ सालीच या दिग्दर्शकावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता. फ्रांस्वा त्र्युफो यांनी १९६२ साली त्यांच्याशी केलेली प्रदीर्घ संभाषणे १९६६ मध्ये पुस्तकरूपाने आली. हेर ज्या गुपितासाठी धडपडतात त्याला कथेत स्वतःचे मोल नसते, ते केवळ निमित्त असते, आणि ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये हे निमित्त जवळजवळ शून्यावर आणले आहे, हा हिचकॉक यांचा खुलासा त्या ग्रंथात आहे. १९६५ साली रॉबिन वुड या इंग्रज समीक्षकाने हिचकॉकला गंभीरपणे का घ्यावे, हा प्रश्न उघडपणे मांडून त्याचे उत्तर पुस्तकभर दिले. या चित्रपटाची तुलना ‘गोल्डफिंगर’ या बाँडपटाशी करून, वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन हेरपटांत नायकाच्या नैतिक वाढीचा फरक कोठे पडतो, हे त्याने दाखविले. १९७५ साली रेमों बेलूर यांचे सूक्ष्म रचनाविश्लेषण, आणि १९८१ साली स्टॅन्ली कॅव्हेल या तत्त्वज्ञाचा शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’शी नाते जोडणारा निबंध प्रसिद्ध झाला. १९९५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

या प्रवासात समीक्षेचा प्रश्न बदलत गेला, ही महत्त्वाची गोष्ट आहे. असे घडू शकते काय, येथून आरंभ झाला आणि असे घडविल्याने काय साधले, येथे तो पोचला. हा बदल आपोआप झाला नाही. काही थोड्या लेखकांनी हलक्या समजल्या जाणाऱ्या प्रकाराकडे ग्रंथ वाचावा तसे लक्ष दिले म्हणून झाला. विमानाच्या त्या प्रसंगाचा पूर्वार्ध म्हणजे सपाट माळ, डांबरी रस्ता आणि वाट पाहणारा एक माणूस, एवढाच आहे. फार काळ काही घडत नाही; मोटारी येतात आणि जातात. जमिनीचे ज्ञान नसलेला माणूस उघड्या रानात किती असहाय होतो, हे त्यात दिसते. म्हणजे भूप्रदेश पडद्यावर बोलका करता येतो. पायपिटीला तिकीट काढून कोण येणार, या शंकेचे उत्तर १९५९ सालीच देऊन झाले आहे.

मराठी ऐतिहासिक चित्रपटाच्या समीक्षेचा इतिहास यापेक्षा निराळा आहे, आणि तो निराळा असण्याला कारण आहे. थॉर्नहिल कोणाचा पूर्वज नव्हता; शिवकालातील माणसे आजच्या माणसांचे पूर्वज आहेत. जानेवारी २०२० मध्ये ‘तान्हाजी’ प्रदर्शित झाल्यावर त्यात उदयभानाची भूमिका करणाऱ्या सैफ अली खान यांनीच हा इतिहास नव्हे, असे मुलाखतीत म्हटले आणि त्यावर वाद उसळला. २०२२ च्या ऑक्टोबरात आलेल्या ‘हर हर महादेव’च्या मांडणीवर तीव्र आक्षेप घेतले गेले आणि ठाण्यात त्याचा खेळ बंद पाडण्यापर्यंत मजल गेली. २०२५ च्या ‘छावा’मधील लेझीमनृत्याचे दृश्य प्रदर्शनापूर्वीच वगळावे लागले, पुढे शिर्के घराण्याच्या वंशजांनी त्यांच्या पूर्वजांच्या चित्रणाला हरकत घेतली तेव्हा दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी दिलगिरी व्यक्त केली. या सर्व प्रसंगी प्रश्न विचारला गेला तो मानापमानाचा. कोणाला कमी दाखविले, कोणाला नाचविले, कोणाला फितूर ठरविले? हे प्रश्न अस्थानी आहेत असे नव्हे. फितुरीचा आरोप हा पुराव्याशिवाय करण्याचा आरोप नाही, आणि ज्यांच्या घराण्यावर तो येतो त्यांनी पुरावा मागणे हा इतिहासशास्त्राच्या दृष्टीने आरोग्याचाच भाग आहे.

तथापि बहिर्जीच्या बाबतीत ही कसोटी अजिबात लागू पडत नाही, आणि म्हणूनच त्याचे चित्रण समीक्षेच्या हातून निसटते. त्याला कोणी कमी दाखविलेले नाही. उलट वाढवूनच दाखविले आहे. गौरवाला हरकत कोण घेणार? मानापमानाच्या चाळणीतून अपमान तेवढा गाळला जातो, अतिशयोक्ती सहज पार होते. परिणामी बहुरूप्यांचा सम्राट, पक्ष्यांच्या भाषेत बोलणारा, हजारो हेरांचा सेनानी अशी जी प्रतिमा पडद्यावर, व्याख्यानांत आणि पोवाड्यांत घडली, ती अभ्यासकांच्या लेखनातही शिरू लागते. हेरांचा आकडा एकाने दुसऱ्याकडून घ्यायचा, दुसऱ्याने तिसऱ्याकडून, आणि साखळीच्या टोकाला कागद नसायचा. पदव्युत्तर प्रबंधात असा आकडा येतो तेव्हा दोष चित्रपटाचा नसतो. चित्रपटाने आपण बखरही नाही आणि दप्तरही नाही, हे कधी लपविलेले नाही.

खानदेशाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती अधिक अवघड आहे. ‘छावा’चा आरंभ बुऱ्हाणपूरच्या स्वारीने होतो. बुऱ्हाणपूर हे मोगली खानदेश सुभ्याचे मुख्य ठिकाण. म्हणजे हिंदी पडद्यावर सतराव्या शतकातील खानदेश एवढ्या भव्य प्रमाणात येण्याचा हा दुर्मीळ प्रसंग होता. १६८१ च्या जानेवारीअखेर झालेल्या या स्वारीत मराठ्यांनी बहादूरपुरा आणि तटाबाहेरील इतर पुरे लुटले. खाफीखान लिहितो की ते इतके अकस्मात आले की लोकांना आपली चीजवस्तू हलविता आली नाही; पुढे शहरातील विद्वानांनी व प्रतिष्ठितांनी औरंगजेबाला जुम्म्याच्या नमाजात त्याचे नाव घेणे बंद करण्याचा इशारा देणारा अर्ज पाठविला, असेही तो सांगतो. या वर्णनातला ‘अकस्मात’ हाच हेरखात्याच्या कामगिरीचा पुरावा आहे. मोठी फौज सुभ्याच्या राजधानीजवळ पोचते आणि शहराला सुगावा लागत नाही, हे वाटा, मुक्काम, चौक्या आणि वेळ यांची खडान्‌खडा माहिती असल्याखेरीज शक्य नाही. पडद्यावर मात्र अकस्मातपणाचे रूपांतर पराक्रमात होते. पराक्रम होताच, परंतु त्याच्या अगोदरचे कित्येक आठवडे वगळले गेले.

त्या आठवड्यांत खानदेशात कोण हिंडले असेल? धरणगाव, चोपडा, बुऱ्हाणपूर ही कापडाच्या व्यापाराची ठिकाणे होती. १६७४ च्या सुमारास इंग्रजांनी धरणगावी वखार घातली. १६७५ मध्ये मराठ्यांनी ते गाव लुटले आणि १६७९ मध्ये पुन्हा लुटले, त्या मोहिमेत चोपड्याचीही लूट झाली. ज्या गावावर चार वर्षांत दोनदा स्वारी होते, त्या गावाची नाडी कोणाला तरी अचूक ठाऊक असली पाहिजे. कोणत्या हंगामात माल साठतो, रोकड केव्हा येते, ठाणेदाराजवळ किती शिबंदी आहे, ही माहिती गावात वावरणाऱ्यालाच मिळते. धान्य वाहणारे लमाण, उंटवाले, फडावरचे हमाल, घाटातील वाटाडे असे नित्य फिरणारे लोक या प्रदेशात होते. नाईक एक असतो. त्याचे डोळे आणि कान गावोगावचे असतात. बहिर्जीला वेषांतराचा सम्राट केले की या सर्वांची गरजच उरत नाही. एकच माणूस फकीर होतो, तोच वाणी होतो, तोच उंटवाला होतो. वास्तविक उंटवाला हा उंटवालाच असावा, यात अधिक संभव आहे.

आणि लुटल्या गेलेल्या धरणगावाचे काय? लुटीची झळ मोगली खजिन्याला लागली तशी तेथील विणकराला व सराफालाही लागली असणार. खानदेशातील अभ्यासकाने या स्वाऱ्यांकडे केवळ स्वराज्याच्या बाजूने पाहणे पुरेसे नाही, केवळ वखारवाल्यांच्या तक्रारींच्या बाजूने पाहणेही पुरेसे नाही. हेराची गोष्ट दोन्ही बाजूंना एकदम स्पर्श करते, कारण बातमी देणारा माणूस बहुधा लुटल्या जाणाऱ्या गावचाच असतो. त्याला द्रव्य मिळाले, की भय होते, की मोगली अंमलाचा राग होता? लाल महालावरील चित्रपटात हा प्रश्न तितका बोचत नाही. तेथे शत्रू परका आणि वाडा आपला. धरणगावावर चित्रपट काढणाऱ्याला तो टाळता येणार नाही.

जालन्याच्या प्रसंगाकडे परत आल्यास हेच अधिक स्पष्ट होईल. त्या स्वारीची हकीकत मोगल बाजूनेही लिहिली गेली आहे. खाफीखानाला तीत महत्त्वाचा वाटतो तो जान मुहम्मद नावाचा जालन्याचा फकीर; त्याच्या आश्रयास गेलेल्यांना लुटल्यामुळे त्याने शाप दिला, आणि पुढे काही महिन्यांत, ३ एप्रिल १६८० रोजी, महाराजांचे निधन झाले, त्याचा संबंध या शापाशी जोडला गेला. मोगल इतिहासकाराच्या स्मरणात फकीर राहिला, बखरकाराच्या स्मरणात वाटाड्या राहिला. दोघांनीही आपापल्या समाजाला जे सांगावयाचे ते सांगितले. पटकथाकाराला यातून फकिराचे नाट्य सहज सुचेल. बहिर्जीला फकिराच्या वेषात जालन्यात शिरविण्याचा मोहही होईल.

सभासदाने मात्र त्या रात्रीविषयी आणखी एक तपशील दिला आहे, आणि तो बहिर्जीच्या चरित्रकारांनी फारसा उचललेला नाही. वेढा पुरा होण्याच्या बेतात असताना मोगलांकडील केसरीसिंगाने महाराजांना गुप्तपणे निरोप पाठविला की मार्ग बंद होण्याआधी निघून जावे. म्हणजे बहिर्जीने वाट दाखविली ती या निरोपाच्या आधारावर; वाट ठाऊक असणे आणि वेळ किती उरला हे ठाऊक असणे, अशा दोन निरनिराळ्या माहित्या त्या रात्री एकत्र आल्या. त्यांपैकी दुसरी शत्रूच्या छावणीतून आली, आणि ती देणारा एक राजपूत सरदार होता, ज्याने दुसऱ्या दिवशी आपल्या धन्याच्या फौजेबरोबर कूच केलेच असणार. त्याने हे का केले, जुना स्नेह, जातीचा अभिमान, दिलेरखानाचा किंवा शाहजाद्याचा राग, की आणखी काही, याचा उलगडा औरंगाबादेच्या मोगल दप्तरांतून आणि राजस्थानातील खाजगी दप्तरांतून कोणी करू शकेल. तो निरोप घेऊन अंधारात दोन छावण्यांमधील अंतर चालून आलेला माणूस कोण होता, हे सभासदाने लिहिलेले नाही.